लाँग रेंज रीडर बसवताना: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलो तेव्हा ॲक्सेस कंट्रोल म्हणजे दारावर कार्ड टेकवायचं, बीप वाजला की कुलूप सुटतं, एवढंच मला ठाऊक होतं. पहिले सहा महिने तेच काम केलं. ते रीडर चार-पाच सेंटीमीटरवरून कार्ड वाचतात, त्यामुळे चुकायला फारशी जागा नसते. मग बाणेरच्या एका सोसायटीत गेटवर लाँग रेंज रीडर, म्हणजे गाडीवरचा टॅग (नंबर साठवलेला चिपचा स्टिकर) रेडिओ लहरींनी लांबूनच वाचणारं यंत्र, बसवायला पाठवलं आणि खरं शिकणं तिथे सुरू झालं.

गेटला दोन लेन होत्या, एक आत येण्याची आणि एक बाहेर जाण्याची. प्रत्येक लेनला एक बूम बॅरियर (वर-खाली होणारा दांडा) आणि पोलवर एक रीडर. संध्याकाळी एका गाडीवर टॅग चिकटवून बघितलं, तर दहा मीटरवरून वाचला. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला वॉचमन काकांचा फोन आला, "साहेब, गाडी नसताना दांडा वर जातोय." ऑफिसला निघालेल्या गाड्या बाहेरच्या लेनमध्ये रांगेत होत्या आणि त्यांचे टॅग आत येण्याचा रीडर वाचत होता. एक अनोळखी गाडी त्या उघड्या बूमखालून सरळ आत गेली होती.

आमचे सीनियर आले. त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो. त्यांनी पेटी उघडली नाही. एका काठीला टॅग बांधला, गाडीच्या काचेच्या उंचीवर धरला आणि मला लेनमधून हळूहळू चालायला लावलं. जिथे वाचन सुरू झालं आणि जिथे थांबलं, तिथे ते खडूने खुणा करत गेले. शेजारच्या लेनमध्येही तेच केलं. अर्ध्या तासात जमिनीवर रीडरचा आवाका उमटला, आणि तो अर्धा-अधिक दुसऱ्या लेनवर पसरलेला होता.

तेव्हापासून नव्या मुलाला मी पहिल्यांदा हेच सांगतो. रीडर लांबून वाचतो हे खोक्यावर छापलेलं असतं, त्यासाठी आपली गरज नाही. हव्या त्या जागेतला टॅग वाचायचा आणि बाकी काही वाचायचं नाही, हे आपलं काम.

दादांनी रीडरची पॉवर 30 डीबीएमवरून (हे पॉवर मोजायचं माप) 24 वर आणली. 30 डीबीएम म्हणजे एक वॅट. दर 3 डीबी कमी केले की पॉवर निम्मी होते, पण अंतर निम्मं होत नाही, ते साधारण सत्तर टक्क्यांवर येतं. अंतर निम्मं हवं तर 6 डीबी कमी करावे लागतात. हा मोकळ्या जागेतला हिशेब आहे. गेटवर काँक्रीट आणि गाड्यांचे पत्रे लहरी परतवतात, म्हणून आकडा टाकल्यावर काठी घेऊन पुन्हा चालायचंच. मग रीडर खाली झुकवून आपल्या लेनकडे वळवला आणि शेवटी लूप डिटेक्टरचा (जमिनीत पुरलेल्या वायरच्या वेटोळ्यावर गाडी आली की ओळखणारं यंत्र) कॉन्टॅक्ट रीडरच्या ट्रिगर इनपुटला जोडला. जमिनीतल्या लूपवर गाडी असेल तेव्हाच रीडर वाचणार. त्यानंतर रिकामं बूम उघडल्याची तक्रार आली नाही.

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात आधी फ्रीक्वेन्सीचा रीजन बघा. 2005 च्या नियमांनी आपल्याकडे आरएफआयडीसाठी (रेडिओ लहरींनी टॅग वाचण्यासाठी) 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला झाला. बाहेरून आलेला रीडर बहुधा 902 ते 928 वर सेट असतो. आपल्याकडे तिथे मोबाईलचा पट्टा येतो. रीडर तसाही चालतो, म्हणूनच ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

आता वायर. नव्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. सिंहगड रोडच्या एका साइटवर रीडर दर दोन मिनिटांनी रीसेट व्हायचा. सप्लाय वॉचमनच्या केबिनमध्ये, रीडर चाळीस मीटरवर, आणि मधली वायर अर्ध्या स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन ऐंशी मीटर तांबं म्हणजे पावणेतीन ओहम. रीडर दोन ॲम्पिअर ओढायला लागला की साडेपाच व्होल्ट वायरमध्येच जातात आणि बारातले साडेसहा उरतात. मीटर लावला तेव्हा रीडर शांत होता, म्हणून बारा दिसत होते आणि मी रीडर खराब आहे असं ठरवून टाकलं होतं. व्होल्टेज नेहमी टॅग वाचत असताना, रीडरच्या टर्मिनलवर मोजा. एसएमपीएस, म्हणजे रीडरला बारा व्होल्ट देणारा सप्लाय, पोलजवळच्या पेटीत ठेवता आला तर सगळ्यात उत्तम. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिकल बाजारात, वायर घेताना स्क्वेअर एमएम विचारून घ्या, आणि नुसतं "जाड वायर" म्हणू नका.

रीडर ते कंट्रोलर (नंबर तपासून बूम उघडायचं ठरवणारं यंत्र) बहुतेक ठिकाणी वीगँड असतं, म्हणजे टॅगचा नंबर वायरवरून पाठवायची एक पद्धत. डेटा झीरो हिरवी, डेटा वन पांढरी, आणि तिसरी ग्राउंड. रीडर आणि कंट्रोलरला वेगवेगळे सप्लाय असले की मुलं ग्राउंड जोडायला विसरतात. मग नंबर कधी येतो, कधी येत नाही. टॅग नसताना दोन्ही डेटा वायरवर ग्राउंडच्या तुलनेत पाचेक व्होल्ट दिसायला हवेत. हिरवी-पांढरी उलटी लागली तर काही कंट्रोलर भलताच नंबर दाखवतात, काही गप्प बसतात. दीडशे मीटरच्या पुढे वीगँड ओढू नका, आरएस-485 घ्या, ती लांब अंतरासाठीची पद्धत आहे.

वीगँडची आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. टॅगमधला नंबर 96 बिटांचा असतो, पण 26 बिटांच्या वीगँडमध्ये त्यातले 24 च कंट्रोलरपर्यंत पोचतात. कुठले 24, हे रीडरच्या सेटिंगमध्ये ठरतं. ते सुरुवातीचे घेतले तर एकाच लॉटच्या सगळ्या टॅगांचा नंबर सारखा निघू शकतो आणि एक टॅग रजिस्टर केला की सगळ्यांना गेट उघडतं. म्हणून दहा टॅग ओळीने वाचून दहा वेगळे नंबर येतात का, हे स्वतः बघा.

पुण्यात दुचाकीचा प्रश्न हमखास येतो. टॅगचं कार्ड पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवलं तर वाचत नाही, कारण शरीरातलं पाणी लहर शोषून घेतं. साधा स्टिकर पत्र्यावर लावला तरी तो मुका होतो. आम्ही तो हेडलाइटच्या प्लास्टिकवर लावतो. चारचाकीत काचेला धातूचा थर असेल तर आरशामागची ठिपक्यांची जागा शोधायची.

फास्टॅगही याच जातीचा टॅग आहे, त्यामुळे रीडरला एका गाडीत दोन नंबर दिसतात. कंट्रोलरमध्ये सोसायटीचाच नंबर टाका, म्हणजे दुसरा आपोआप नाकारला जाईल. रहिवासी घाबरून विचारतात, "इथून जाताना पैसे कटतील का?" नाही कटत, आपला रीडर टोलच्या यंत्रणेला जोडलेला नसतो. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. आजीआजोबांना तर दोनदा सांगा. त्यांची काळजी खरी असते.

इमारतीच्या आतल्या दारासाठी मात्र हे टॅग मी सुचवत नाही. त्यांच्यातला नंबर दुसऱ्या टॅगवर सहज उतरवता येतो आणि दारापाशी कोण उभं आहे हे दहा मीटरवरून ठरवणं बरोबर नाही. दाराला टेकवायचं कार्डच ठेवा.

काम सोपवायला सकाळी नऊची वेळ घ्या, दुपारची नको. जमलं तर एखाद्या गुरुवारीही चक्कर मारा. पुण्यात त्या दिवशी देखभालीसाठी वीज जाते, आणि ती गेली की यूपीएसवर बूम किती वेळा उघडतं ते तेव्हाच कळतं. निघण्याआधी मी पेटीच्या झाकणाच्या आत मार्करने तारीख, पॉवर, रीजन, आयपी ॲड्रेस आणि वीगँडचे बिट लिहून ठेवतो. बाणेरच्या त्या पेटीत दादांच्या अक्षरातलं "24" अजून आहे. मध्ये कुणीतरी रीडर बदलला, तेव्हा तो आकडा बघून नव्यालाही तेवढंच ठेवलं, असं वॉचमन काकांनी मला सांगितलं.