सायप्रिनसची अंडी त्याच्याच पोटात जाऊ देऊ नका

मृगाच्या सरी पडून पाणी जरा निवलं की शेततळ्यातला सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासा, काठाला येतो. पहाटे गवतात खळबळ ऐकू येते. उजाडल्यावर पाहावं तर काड्यांना मोहरीएवढी, पिवळसर अंडी चिकटलेली. संध्याकाळी त्याच काड्या निम्म्या रिकाम्या. संशय बेडकांवर नाहीतर पाणसापावर जातो, पण बऱ्याचदा चोर घरातलाच असतो.

सायप्रिनस अंडी राखत नाही. घालून झाली की त्याच्या लेखी तोही चाराच. म्हणून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, घरीच करायचं असेल तर नर-मादी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, सोडा आणि आत हायड्रिला या पाणवनस्पतीच्या जुड्या टाका. प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात वनस्पती नसते, तिथे स्वच्छ धुतलेला काथ्याही चालतो. केळीची वाळलेली पानं मात्र नकोत. रावेर-यावलकडे ती फुकट मिळतात म्हणून मोह होतो, पण पाण्यात ती कुजतात आणि ऑक्सिजन ओढून घेतात. अंडी घालून झाली की जुड्या अलगद उचलून बारीक जाळीच्या दुसऱ्या हाप्यात न्या, नाहीतर मोठे मासेच बाहेर काढा. हे काम उद्यावर ढकललं तर उचलायला फारसं काही उरत नाही. दोन-तीन दिवसांत अंड्यांतून जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, बाहेर पडतं.

जुडी हलवताना एक काडी उजेडात धरून बघा. आरपार दिसणारी अंडी जिवंत, दुधाळ पांढरी मेलेली. पांढऱ्या अंड्यांवर बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही चढते, म्हणून तशा काड्या काढून टाका.

अंडी राखणाऱ्या जातींचं गणित निराळं. राखणीला बसलेल्या माशाला चरायला जाता येत नाही. मग थोडी अंडी खाऊन तो बाकीची राखायची ताकद टिकवतो, असं मानतात. घातलेली अंडीच फार थोडी असतील तर सगळी खाऊन पुढच्या विणीला मोकळा होतो. दाटीत अंड्यांना ऑक्सिजनही पुरत नाही. युरोपच्या किनाऱ्यावरच्या गोबी माशात नराने काही अंडी खाल्ली की उरलेल्यांचं जगण्याचं प्रमाण वाढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

चिलापीची (तिलापियाची) मादी अंडी तोंडात धरते आणि ते दिवस जवळपास उपाशीच काढते. अशा वेळी जाळं ओढलं तर घाबरून ती अंडी टाकते किंवा गिळते. ज्यांना बीज नको, वजन हवंय, त्यांनी याचं फार वाईट वाटून घेऊ नये. तळं पिल्लांनी गजबजलं की एकही मासा धड वाढत नाही.

मरळ पाळत असाल तर पावसाळ्यात काठचं गवत कापू नका आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह तिथून दूर ठेवा. मरळीची अंडी गवताच्या आडोशाला पाण्यावर तरंगतात आणि नर-मादी तिथेच राखणीला असतात. पुढे पिल्लांचा लालसर घोळका वर येतो. त्याच्याखाली मोठी मरळ हमखास असते, म्हणून पोरं गळ टाकतात. त्यांना आवरा, कारण राखणदार गेला की बाकीचे मासे घोळका फस्त करतात.

ढगाळ हवेत पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसले, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन कमी पडला, तर त्या दिवशी शेणखत आणि खाद्य दोन्ही बंद ठेवा, आणि विहिरीचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पडू द्या.