जुन्या गाड्यांची घाटातली सहल: पुणे, वाई, पाचगणी

पुण्यातून पाचगणी शंभर किलोमीटरच्या आसपास. नव्या गाडीला हे अंतर किरकोळ आहे. पद्मिनी, अॅम्बेसेडर, हेराल्ड, मॉरिस मायनर आणि एखादी डॉज किंग्सवे अशा बारा-पंधरा गाड्या एकत्र न्यायच्या म्हटलं की हिशेब वेगळा होतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी १३०० मीटरच्या जवळ. मधला पसरणी घाट जेमतेम १२ किलोमीटरचा, पण सहलीतल्या बहुतेक भानगडी तिथेच होतात. म्हणून सगळी आखणी ताफ्यातल्या सर्वांत अशक्त गाडीला धरून करायची. तिला झेपलं तर बाकीच्यांची काळजी नाही.

दिवस आणि वेळ

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मधला काळ उत्तम. मार्चनंतर दुपारी घाट चढू नये आणि पावसाळ्यात तर विचारही नको, कारण जुने वायपर आणि धुकं यांचं जमत नाही. लाँग वीकेंड टाळा. घाटात वाहनांची रांग लागली की जुनी गाडी उभ्या उभ्या तापते: इंजिन मंद फिरतं, पंखाही मंद फिरतो आणि समोरून वारा नसतो.

पावणेसहाला जमा, सव्वासहाला निघा. परतताना पाचगणी दुपारी अडीचच्या पुढे सोडू नका. डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) असलेल्या गाड्या आयडलिंगला जवळजवळ चार्जच करत नाहीत. कात्रजच्या संध्याकाळच्या गर्दीत हेडलाइट लावून अर्धा तास रखडलात तर बॅटरी बसते आणि बंद पडलेल्या गाडीला मागचे हॉर्न मारतात ते वेगळंच.

कागद

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्यामुळे आरसीवरची तारीख आयोजकाने स्वतः बघावी. 'सगळं ओके आहे' या तोंडी उत्तरावर विसंबू नये. खेड शिवापूरचा टोलनाका वाटेत आहे. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, हे आदल्या रात्री बघा. एक गाडी तिथे अडली की तिच्यासाठी सगळ्यांना पुढे थांबावं लागतं.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते. ताफ्यात 'व्हीए' पाटीची गाडी असेल तर क्लबच्या लेटरहेडवर कार्यक्रमाची तारीख, मार्ग आणि गाड्यांची यादी छापून प्रत्येकाकडे एक प्रत द्या. वाईत मैदानावर गाड्या मांडणार असाल तर नगरपालिकेची परवानगी आणि पोलीस ठाण्याला पत्र, दोन्ही पंधरा दिवस आधी.

आदल्या आठवड्यातली तपासणी

सगळ्यात आधी रेडिएटर. गाडी वीस मिनिटं चालवून आणा, इंजिन बंद करा आणि पंखा पूर्ण थांबल्यावर तळहात जाळीच्या जवळून वरून खाली, मग आडवा फिरवा. गरमपणा वरून खाली हळूहळू कमी होत गेला पाहिजे. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्यात. बोअरचं पाणी घालत राहिल्याचा हा परिणाम. नुसतं होज पाइप लावून धुतल्याने अशा नळ्या मोकळ्या होत नाहीत. रेडिएटर काढून, टाकी उघडून सळई मारून घ्यावी लागते आणि हे काम सहलीच्या आदल्या दिवशी होत नाही. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरा.

फॅन बेल्ट अंगठ्याने मध्यावर दाबला तर १२-१३ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही घसरतात. अजिबात दबत नसेल तर डायनामोचं बेअरिंग जाईल. होज पाइप दाबून बघा. वरून ठणठणीत दिसणारा खालचा होज आतून सोलपटलेला असू शकतो आणि जोरात रेस दिल्यावर पंपाच्या ओढीने आत चेपतो. गरम होण्याचं कारण सापडत नसेल तर टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ, बघा. मागे पडलेल्या टायमिंगची गाडी सपाटीला नीट चालते आणि घाटात उकळते.

आता ब्रेक. या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. पॅडल जोरात दाबून मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरची बकेट (आतला रबरी कप) गेली आहे. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलाच. ते हवेतलं पाणी शोषतं, उतारावर ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल जमिनीला टेकतं. मास्टर सिलिंडरमध्ये चुकूनही इंजिन ऑइल घालू नका. रबर फुगून ब्रेक जाम होतात.

टायरची नक्षी किती शिल्लक आहे यापेक्षा वय महत्त्वाचं. बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१७' म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. गाडी वर्षाला पाचशे किलोमीटर चालली म्हणून टायर नवा राहत नाही. एकाच अॅक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला साधा क्रॉसप्लाय चालत नाही. आणि स्टेपनीत हवा भरा, ती नेहमी राहते.

पेट्रोलचं आता वेगळंच दुखणं आहे. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. एसी पंपाचा (इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा) पडदा, कार्बोरेटरपर्यंतचा रबरी पाइप, टाकीजवळचा छोटा जोड हे तिन्ही इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचे बसवून घ्या. टाकी आणि पंपाच्या मध्ये एक पारदर्शक फिल्टर बसवा. कचरा अडवण्याबरोबर त्याचा दुसरा उपयोग घाटात आहे, तो पुढे येईल.

प्रत्येक गाडीत काय हवं

पॉइंट, कंडेन्सर, रोटर (तिन्ही ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे भाग), दोन प्लग, फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज आणि चार क्लिपा, मीटरभर पेट्रोल पाइप, फ्यूज, दोन बल्ब. फीलर गेज (फट मोजायच्या पात्या), पॉलिश पेपर, पाने, पक्कड, तार, जॅक, चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे, ओढायचा दोर, जाड फडकी, दहा लिटर पाणी. आग विझवायचा सिलिंडर डिकीत सामानाखाली नको, पुढच्या सीटखाली पट्ट्याने बांधलेला हवा.

कंडेन्सर नवा घेतलात तर तो बसवून शंभर किलोमीटर चालवा आणि मग काढून पिशवीत ठेवा. हल्लीचे काही नवे कंडेन्सर डब्यातूनच खराब निघतात.

डॉज आणि प्लायमाउथच्या डाव्या चाकांचे नट किंवा बोल्ट उलट्या आट्याचे असतात. हे माहीत नसलेला मदतनीस टॉमीवर (पान्याच्या दांडीवर) उभा राहून बोल्ट तोडतो. डाव्या बाजूच्या हबकॅपच्या आत खडूने 'उलटा' असं लिहून ठेवा.

बॅटरीचंही बघा. या अमेरिकन गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली. जुन्या मॉरिस, ऑस्टिन बहुतेक १२ व्होल्टच्या, पण पॉझिटिव्ह अर्थच्या. फोक्सवॅगन बीटल साधारण १९६७ पर्यंत ६ व्होल्टची. जंपर केबल लावायच्या आधी व्होल्टेज एक आहे ना ते बघा, मग प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडा, आणि अर्थ वेगवेगळे असतील तर दोन गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकू देऊ नका. ६ व्होल्टच्या गाडीला सरळ धक्का मारा.

ताफा कसा चालवायचा

पाच-पाच गाड्यांचे गट करा. प्रत्येक गटात सर्वांत हळू गाडी पुढे, सर्वांत भरवशाची आणि हत्यारं जाणणारा चालक असलेली मागे. हायवेवर ५० ते ६०, डाव्या लेनमध्ये, दोन गाड्यांत निदान चार-पाच गाड्यांचं अंतर. फोटोसाठी चिकटून चालायचा मोह होतो, पण ड्रमचे ब्रेक आणि पुढे डिस्कवाली नवी गाडी ही जोडी वाईट. आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली तर वेग कमी करा आणि फाट्यावर ती दिसल्याशिवाय वळू नका. एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला तर व्हॉट्सअॅपवर 'कुठे आहात' विचारत बसावं लागत नाही.

सगळ्यात शेवटी नव्या पिकअपमध्ये मेकॅनिक आणि सामायिक सुटे भाग. बंद गाडी उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेडवाल्याशी वाई आणि शिरवळ दोन्हीकडे आधी बोलून दर ठरवून ठेवा. रस्त्यात उभं राहून ठरवलेला दर नेहमी जास्त असतो.

पहिला थांबा शिरवळला, साधारण पन्नास किलोमीटरवर. चहा नंतर. आधी प्रत्येकाने चारही चाकांच्या मध्यावर हात लावून बघायचा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग कोरडं आहे. हे शिरवळला कळलं तर दुरुस्त होतं.

खंबाटकी घाटात नवे बोगदे होण्याआधी साताऱ्याकडे जाणारी वाहतूक जुन्या रस्त्याने घाट चढायची आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून यायची. नव्या बोगद्यांमुळे ही व्यवस्था बदलते, म्हणून आदल्या आठवड्यात कुणीतरी नव्या गाडीने सगळा रस्ता फिरून यावा. सुरूर फाट्याला आत वळलं की वाई. न्याहारी इथेच, आणि इंजिनं निदान पाऊण तास गार होऊ द्या. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट जवळच आहे, पण तिकडचा रस्ता अरुंद. पंधरा गाड्या एकदम नेऊ नका.

पसरणी घाट

गटागटात दहा मिनिटांचं अंतर ठेवून सोडा. तिसऱ्यावर गाडी कण्हायला लागायच्या आत दुसरा टाका. कमी आरपीएमवर जोर लावत चढवली तर पंप आणि पंखा मंद फिरतो आणि गाडी तापते.

काटा वर जायला लागला तर रुंद जागा बघून थांबा. पाणी उसळून बाहेर येत नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. बॉनेट उघडा आणि थोडी रेस ठेवून चालू राहू द्या, पाणी फिरत राहतं. पाणी बाहेर फेकलं जात असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद. रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. नंतर जाड फडकं ठेवून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या. पाणी भरताना इंजिन चालू ठेवून बारीक धारेने. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो.

गाडी गचके देत बंद पडली तर दोन संशयित, आणि दोघांची लक्षणं सारखी. एक, पेट्रोलची वाफ होऊन गाडीने एअर धरली. दोन, गरम झाल्यावर कंडेन्सर किंवा कॉइल सोडून देते. गार झाल्यावर दोन्ही प्रकारात गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते, आणि म्हणून माणसं कार्बोरेटर उगाच खोलून बसतात. इथे तो फिल्टर कामाला येतो. सेल्फ मारताना फिल्टर रिकामा किंवा नुसते बुडबुडे दिसले तर पेट्रोल. एसी पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाका, पंधरा मिनिटं थांबा. फिल्टरमध्ये पेट्रोल नीट येत असेल तर प्लगची वायर काढून दुसरा प्लग लावा, इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठिणगी बघा. हे कार्बोरेटरपासून लांब आणि वायर चिमट्याने धरून. ठिणगी निळी हवी. पिवळट, अशक्त असेल तर आधी कंडेन्सर बदला.

पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये अडकतो तो नेमका वळणावर. मागे ठोकळे लावा, बॉनेट उघडा. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला दोन लिव्हर आहेत, एकमेकांवरून सरकलेले. क्लच दाबायला दुसरा माणूस बसवा आणि दोन्ही हाताने न्यूट्रलच्या जागी समोरासमोर आणा. बुश झिजल्याने हे होतं. घरी आल्यावर बुश बदला, नाहीतर पुढच्या घाटात पुन्हा हेच.

उतरताना ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला पुढच्या सहलीला बोलावू नका. ब्रेक सतत टेकवून ठेवण्यापेक्षा जोरात दाबून सोडा, म्हणजे मधल्या वेळात ड्रम गार होतात. जळका वास आला की थांबा, पण तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअर आणि ठोकळे पुरतात.

वर पोचल्यावर आणि घरी आल्यावर

सपाट जागा आधी ठरवून ठेवा, शाळेचं मैदान किंवा मंगल कार्यालयाचं आवार. प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा घाला. जुनं इंजिन ऑइल गाळतंच आणि ज्याने जागा दिली त्याच्या फरशीवर डाग राहतात. लोक बघायला येतात, मुलं आत डोकावतात. किल्ली काढा, बॅटरीचा कटऑफ बंद करा आणि दारं लोकांना उघडू द्यायची की नाही हे मालकाला विचारूनच ठरवा.

घरी आल्यावर त्याच रात्री काही खोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनात पाणी आणि ऑइलची पातळी बघा, किती घालावं लागलं ते लिहून ठेवा. ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून येणारा पाइप बंद करून आयडलिंगला ठेवा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून आपोआप बंद होऊ द्या. इथेनॉलवालं पेट्रोल वाटीत राहिलं की पाणी धरतं आणि जेटमध्ये पांढरट बुरशीसारखा थर जमतो.