क्रूझवरच्या डिनरला काय घालायचं? कोल्हापूरहून निघण्याआधी या चुका टाळा

क्रूझचं बुकिंग पक्कं झालं की घरात पहिला विषय निघतो कपड्यांचा, आणि पहिली फेरी होते राजारामपुरीत. नवा सूट, नवा गाऊन, उंच टाचांचे सँडल. खरं तर लागणारे बहुतेक कपडे घरच्या कपाटातच असतात. फजिती होते ती कापड चुकीचं निवडल्यामुळे, घडी चुकीची घातल्यामुळे आणि डिनरचे कपडे चुकीच्या बॅगेत गेल्यामुळे.

सगळ्या रात्री सारख्याच धरणं

७ रात्रींच्या सफरीत फॉर्मल रात्री, म्हणजे नटूनथटून औपचारिक कपड्यांत जेवायला जायच्या रात्री, बहुधा २ असतात, ३-४ रात्रींच्या सफरीत १. त्या शक्यतो जहाज दिवसभर समुद्रात असतं तेव्हा ठेवतात, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. बाकीच्या रात्री स्मार्ट कॅज्युअल: पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि फुल पँट, बायकांना कुर्ता सेट, साधी साडी किंवा ड्रेस. बनियनसारखे टी-शर्ट, पोहण्याचे कपडे, क्रिकेटची टोपी आणि रबरी स्लिपर मुख्य डायनिंग हॉलमध्ये चालत नाहीत.

कंपनीगणिक फरक मोठा आहे. क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या गाला, म्हणजे फॉर्मल, संध्याकाळी नियम कडक असतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनचा सगळा भर मोकळेपणावर, तिथे सक्तीची फॉर्मल रात्र नसते. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या छोट्या सफरींवरही वातावरण सैल असतं. त्यामुळे शेजाऱ्यांच्या अनुभवावर बॅग भरू नका. आपल्या जहाजाच्या ॲपवर ड्रेस कोड आणि थीम नाइट दोन्ही बघा. एखादी रात्र पांढऱ्या कपड्यांची असेल तर ते घरूनच न्यायला हवेत, जहाजावरच्या दुकानात ते महाग पडतात.

फॉर्मल म्हणजे टक्सिडोच, असा समज

टक्सिडो म्हणजे बो-टायवर घालायचा काळा सूट, आणि तोच हवा असं मानणं ही सगळ्यात महागडी चूक. राष्ट्रीय पोशाख फॉर्मल म्हणून चालतो. क्युनार्डच्या नियमांत तर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे बंदगळा, शेरवानी, रेशमी साडी, भरजरी अनारकली हे सगळं चालतं. लग्नात शिवलेला बंदगळा असेल तर भाड्याचा टक्सिडो कशाला? फक्त निघण्याच्या १५ दिवस आधी तो अंगात घालून, बटणं लावून, खुर्चीत बसून बघा. उभं राहिल्यावर होणारा कोट बसल्यावर पोटावर ताणतो, आणि डिनर दीड-दोन तास चालतं. शिवणीत कापड दाबलेलं असेल तर शिंपी दोन बोटं सैल करून देतो, पण ते आदल्या दिवशी होत नाही.

साध्या कुर्ता-पायजम्यावर बंडी चढवली की स्मार्ट कॅज्युअलचं काम भागतं. फेट्याचा मोह मात्र आवरा. फोटोत तो उठून दिसतो, पण जेवणानंतर नाटकगृहात गेलात की मागच्या रांगेला स्टेजऐवजी तुमचा तुराच दिसतो.

इस्त्रीवर विसंबून कापड निवडणं

बहुतेक जहाजांवर खोलीत इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर दोन्हींना बंदी असते, आगीच्या धोक्यामुळे. सामान एक्स-रे मशीनमधून जाताना इस्त्री सापडली की काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. काही जहाजांवर सार्वजनिक लाँड्रीत इस्त्री असते, पण फॉर्मल रात्री तिथे रांग लागते. पैसे देऊन इस्त्री करून मिळते. त्यासाठी कपडे आदल्या दिवशी सकाळीच द्या.

म्हणून कापड निवडतानाच विचार हवा. खळ दिलेला पांढराशुभ्र सुती कुर्ता कोल्हापुरात कडक राहतो, पण समुद्रावर खळ हवेतला ओलावा शोषते आणि तासाभरात कुर्ता लोळागोळा होतो. घामाने काखेत आणि पाठीवर चिकट पट्टे उठतात ते वेगळेच. सुती न्यायचंच असेल तर बिनखळीचं न्या. इचलकरंजीच्या सुती मालातही पॉलिएस्टर मिसळलेलं शर्टिंग मिळतं, ते कमी चुरगळतं. पँटसाठी टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं लोकरी कापड, उत्तम. साड्यांत क्रेप आणि जॉर्जेट बॅगेतून जवळजवळ जशाच्या तशा निघतात. लिनन घरीच ठेवा, दिसायला कितीही छान असलं तरी.

पैठणी न्यायची तर घडी घालून नको, गुंडाळून न्या. जुनं मऊ धोतर किंवा मलमलची ओढणी पसरा, साडी तिच्यावर लांबीत दुमडा, जरीची बाजू आत ठेवा आणि दोन्ही मिळून सैल गुंडाळी करा. घडीच्या रेघेवर जर मोडते, आणि एकदा मोडलेली जर इस्त्रीनेही सरळ होत नाही.

बाथरूममध्ये कपडे टांगून १०-१५ मिनिटं गरम पाणी सोडण्याचा उपाय लोकरी कोट, जॉर्जेट आणि पॉलिएस्टरला लागू पडतो. जरीकामाला आणि खळीच्या कपड्यांना तो लावू नका: जर काळी पडते, खळ चिकटते. आणि कपडे टांगायला छतावरच्या स्प्रिंकलरचा आधार घेऊ नका. त्यातली काचेची नळी फुटली तर तुमच्याबरोबर शेजारच्यांचीही खोली भिजेल. जहाजाच्या खोलीच्या भिंती बहुधा पोलादी असतात, म्हणून ४-५ चुंबकी हुक न्या. कपाट लहान असतं, कोट आणि साड्या या हुकांवर नीट लटकतात.

पहिल्या रात्रीचे कपडे मोठ्या बॅगेत

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरलात की क्रूझचा धक्का जवळच आहे, पण मोठी बॅग तिथेच जहाजाच्या हमालांकडे द्यावी लागते. ती खोलीशी यायला संध्याकाळ होऊ शकते. रात्रभर गाडीत काढलेल्या कपड्यांवर डिनरला जायचं नसेल तर एक शर्ट-पँट, एक कुर्ता सेट आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. पहिल्या रात्री कोणी फॉर्मलची अपेक्षा करत नाही.

याच्याच जोडीला वेळेचा हिशेब. जेवणाच्या ठरलेल्या वेळेच्या बैठका असतील तर पहिली साधारण ६च्या सुमाराला, दुसरी ८ ते ८.३०ला. दिवसभर बंदरावर फिरून ५ला परतलात आणि ६ची बैठक असेल तर साडी नेसायला वेळ उरतच नाही. रात्री ९ला ताटावर बसणाऱ्या आपल्या घरांना दुसरी बैठकच बरी. नऊवारीची हौस असेल तर शिवलेली न्या. जहाजाच्या बाथरूममध्ये कासोटा घालायला हात पसरायचीही जागा नसते.

पायताण

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५मध्ये मिलानच्या रॅम्पवर तिच्यासारखीच चप्पल झळकून वाद झाला. तेव्हा ती डिनरला घालायला लाजायचं कारण नाही. पण तिच्या तब्येतीचं भान ठेवा. तळ चामड्याचा, त्यामुळे ओल्या डेकवर ती सरकते. खारं पाणी लागलं तर चामडं फुगतं आणि वाळल्यावर कडक होऊन टाके सैल होतात. ती गालिच्याच्या मजल्यांवर घाला, डेकवर नको. चप्पल लाईनमधून नवी घेतली असेल तर ८-१० दिवस घरात वापरून मऊ करा. तेल लावायचं तर निघण्याच्या २-३ दिवस आधी लावा, नाहीतर साडीच्या काठाला डाग पडतात. भिजलीच तर उन्हात किंवा ड्रायरखाली धरू नका, आत कागद कोंबून सावलीत वाळवा.

पुरुषांनी फॉर्मल रात्री मोजडी किंवा बंद बूट घालावेत. उघड्या बोटांवरून दाराशी वाद कशाला? बायकांसाठी रुंद टाच बरी. जहाज हललं की टोकदार टाचेवर जिना उतरणं अवघड.

गारठा, वारा आणि डाग

डायनिंग हॉलचा एसी बोचरा असतो. शाल किंवा स्टोल बरोबर असू द्या. जेवून डेकवर गेलात की वारा पदर उडवतो. खांद्यावर दोन पिना लावा, निऱ्यांना एक मोठी.

रेशमावर रस्सा किंवा वाइन सांडली तर घासू नका, कोऱ्या रुमालाने टिपा. तेलकट डागावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. जरीला पाणी लावू नका.

आणि दाराशी अडवलंच तर हेड वेटरशी हुज्जत घालू नका. खोलीत जाऊन बदलता येईल का तेवढं विचारा. बहुतेक वेळा पँट आणि कॉलरचा शर्ट घातला की काम होतं. तेही जमत नसेल तर वरच्या मजल्यावरचा बुफे उघडा असतो, आणि तिथला नियम बहुधा इतकाच: पोहण्याचे ओले कपडे नकोत, पायात काहीतरी हवं.