ताई, हे उघडतच नाहीये: आर्ट जर्नल करताना या चुका टाळा

आर्ट जर्नल, म्हणजे रंग, चित्रं, कात्रणं आणि शब्द यांनी भरलेली वही, दाखवायला येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: "ताई, हे उघडतच नाहीये." मग वही माझ्या हातात येते. वरून रंगीत, देखणी, गुबगुबीत. आतल्या चौदा पानांचं मात्र एकच पान झालेलं.

म्हणून सुरुवात तिथूनच करते.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग सुकला असं नाही

ॲक्रिलिकचा पातळ थर दहा-वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो आणि तिथेच माणूस फसतो. ॲक्रिलिक ही प्लास्टिकचीच जात. पाणी उडून गेल्यावर सायीसारखा जो पापुद्रा राहतो तो पुढे कित्येक दिवस मऊ असतो, आणि पक्का झाल्यावरसुद्धा उष्णतेने पुन्हा मऊ, चिकट होतो. समोरासमोरची दोन्ही पानं रंगवलेली, वर दाब आणि त्यात उकाडा, एवढं जुळून आलं की ती एकमेकांना धरून बसतात. वरून चकचकीत वार्निश फासलं असेल तर मग विचारायलाच नको.

हे मला कळलं ते एक अख्खी वही गमावून. चार महिने खपले होते मी तिच्यावर. रोज रात्री एक पान. आधी गेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या अस्तराचा, पांढरा हात, त्यावर रंग, त्यावर कागदाचे तुकडे, त्यावर पुन्हा रंग आणि शेवटी वार्निश, कारण चकाकलं की पान 'पूर्ण' झालं असं मला तेव्हा वाटायचं. झोपायची घाई असायची म्हणून हेअर ड्रायर. ड्रायरने वरची साय आधी धरते आणि ओल खाली कोंडून राहते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. वही फुगली, मिटेना, म्हणून दोन जाडजूड शब्दकोशांखाली दाबून ठेवली. ऐन उन्हाळ्यात, सहा आठवडे.

काढली तेव्हा हातात वीट होती. आधी पट्टी घालून पाहिली, मग सुरी, आणि मग चिडून सरळ ओढलं. फर्रकन आवाज झाला. उजव्या पानावरचं चित्र सालासकट डाव्या पानावर गेलं आणि उजवीकडे कागदाची पांढरी लव तेवढी उरली. ते आजीच्या हातांचं चित्र होतं, तिच्यासमोर बसून काढलेलं. पुन्हा काढायला आजी नव्हती.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. रंगवलेली वही रात्रभर उभी ठेवायची, पानं पंख्यासारखी उघडी. मिटताना रंगवलेल्या दोन पानांच्या मध्ये बेकिंगचा, सिलिकॉनचा हात दिलेला कागद घालायचा आणि तो तिथेच राहू द्यायचा. बेढब दिसतो, दिसू दे. वरचा थर नेहमी मॅट, म्हणजे न चकाकणारा. आठवडाभराने पान पक्कं सुकलं की मऊ फडक्याने मेणाचा अगदी नावापुरता हात. ड्रायर मी आता फक्त केसांना लावते.

पानं चिकटलीच असतील तर ओढू नका. वही प्लास्टिकच्या पिशवीत नीट बंद करून काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने ॲक्रिलिक कडक आणि ठिसूळ होतं. बाहेर काढल्या काढल्या, वहीला दमट हवेचा घाम सुटायच्या आत, बोथट सुरी कोपऱ्यातून हळूहळू सरकवा. सगळी पानं सुटत नाहीत, पण बरीच वाचतात.

शाईची परीक्षा न घेता वर पाणी फिरवणं

फाउंटन पेनची नेहमीची शाई ही डायची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते. त्यावर जलरंगाचा ओला ब्रश फिरला की अक्षरं जागीच राहतील ही अपेक्षा कशी काय ठेवतात, मला कळत नाही. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, शाई कागदावर सुकल्यावर पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. पेनावर 'वॉटरप्रूफ' छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. माझ्या प्रत्येक वहीचं शेवटचं पान परीक्षेचं असतं. नवीन पेन आलं की तिथे एक रेघ, शेजारी पेनाचं नाव, पाच मिनिटं थांबायचं, मग ओला ब्रश. जो पसरेल त्याने फक्त रंग सुकल्यावर लिहायचं.

खासगी मजकूर लिहून त्यावर गेसो फासून तो झाकायची एक पद्धत आहे. मला ती आवडते, कारण लिहून मोकळंही होता येतं आणि कुणी वाचतही नाही. पण डायच्या शाईने लिहिलं असेल तर गेसोच्या ओलाव्याने ती वर झिरपते आणि पांढरं पान गुलाबी किंवा जांभळं होतं. म्हणजे अक्षरं लपली, पण काहीतरी लपवलंय हे जगजाहीर.

पातळ कागदावर पाण्याचा खेळ

साध्या वहीचा किंवा छपाईचा कागद साधारण 70 ते 80 जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. पाणी पडलं की त्याचे तंतू फुगतात आणि पान पापडासारखं वाकडं होतं. जलरंगाचा कागद बहुधा 300 जीएसएमचा असतो तो उगाच नाही. पण म्हणून पहिल्याच दिवशी महागडी वही घेऊ नका, तिला हात लावायची भीती वाटते आणि ती कपाटातच राहते. हातातल्या वहीची दोन-दोन पानं ग्लू स्टिकने एकमेकांना चिकटवा, वर गेसोचा पातळ हात द्या आणि रंग घट्टसर वापरा. पांढरा पातळ गोंद नको, त्यातही पाणीच असतं.

आठ दिवसांत शैली बदलणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. 'लाडकी' हा शब्द रागाने वापरतेय.

माझ्या ओळखीतली एक मुलगी एका वर्षात पाच वह्या घेऊन आली. पहिलीत बुलेट जर्नल: नऊ पानं, सुबक चौकटी, झोपेचा तक्ता, पाणी पिण्याचा तक्ता, मूडचा रंगीत तक्ता, आणि सगळे तक्ते रिकामे. दुसरीत जंक जर्नल, म्हणजे तिकिटं, पावत्या, पाकिटं असलं सामान चिकटवायची वही, चार पानं. तिसरीत रोज एक रेखाटन. सात दिवसांनी थांबलेलं. चौथी कोलाजची. पाचवीत फक्त मुखपृष्ठ. "मला माझी शैली सापडत नाहीये," असं म्हणाली. मी पाचही वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. प्रत्येक वहीत जिथे ती बिघडली होती, शाई पसरली किंवा चेहरा वाकडा आला, त्याच्या पुढचं पान कोरं होतं. शैली सापडण्याचा प्रश्नच नव्हता. बिघडलेल्या पानाच्या पलीकडे ती एकदाही गेली नव्हती.

बुलेट जर्नलचं तर लोकांनी पार लग्नपत्रिका करून टाकलंय. रायडर कॅरोल यांनी 2013 मध्ये ती पद्धत जगापुढे ठेवली तेव्हा तिच्यात नक्षी नव्हतीच. लहानपणापासून लक्ष टिकवायला त्रास व्हायचा, म्हणून स्वतःसाठी बसवलेली ती नोंदींची पद्धत: कामाला टिंब, झालं की फुली, पुढे ढकललं की बाण, पानांना क्रमांक आणि पुढे अनुक्रमणिका. बास. नक्षी आवडत असेल तर खुशाल काढा, पण दिवस जगून झाल्यावर. बारा महिन्यांचे तक्ते आधी आखणारा माणूस फेब्रुवारीच्या पुढे गेलेला मी अजून पाहिलेला नाही.

मग शैली शोधायची कशी? मी एकाच वहीत शोधते. वेगळी वही, वेगळं सामान, वेगळा 'सेटअप' काही नाही. या आठवड्यात शब्द जास्त, पुढच्या आठवड्यात चिकटवाचिकटवी, मध्येच नुसती रंगांची पट्टी. वही संपेपर्यंत दुसरी आणायची नाही. साठ-सत्तर पानांनंतर मागे जाऊन पाहिलं की कशाकडे हात आपोआप गेला ते दिसतं. माझा हात कागदी कात्रणांकडे जातो. जलरंगांकडे जातो अशी माझी समजूत होती.

बिघडलेल्या पानाचं काय करायचं? काही नाही. उलटायचं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलोची शेवटच्या दहा वर्षांतली डायरी पाहा, शाईच्या डागांचेच आकार करून टाकलेत बाईंनी. डार्विनच्या 1837 सालच्या वहीतलं उत्क्रांतीच्या झाडाचं चित्र बघा. चार काटक्या खरडल्यासारखं दिसतं आणि वर 'मला वाटतं' एवढंच लिहिलंय. ते पान छान दिसत नाही म्हणून त्याने फाडलं नाही.

फाडण्यावरून आठवलं. शिवलेल्या वहीतलं पान मुळापासून ओढून काढू नका. शिवणीच्या पलीकडे त्याच कागदाचा दुसरा अर्धा भाग असतो, तो चार दिवसांनी आपसूक हातात येतो. पान काढायचंच तर शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून कापा. जंक जर्नलवाल्यांनी तर हे सुरुवातीलाच, दर दोन-तीन पानांमागे एक करावं. चिकटवलेल्या सामानाला जागा होते, वही फुगून तिची पाठ मोडत नाही आणि उरलेल्या पट्ट्यांवर पाकिटं, जाड कार्डं चिकटवता येतात.

बाकीच्या, पटापट

पावत्या आणि तिकिटं थेट चिकटवणं. थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. ऊन, उष्णता आणि काही गोंद यांनी तो पुसट होतो आणि शेवटी कोरा कागद उरतो. आधी झेरॉक्स काढा, झेरॉक्स चिकटवा.

सेलोटेप. पिवळा पडतो, डिंक कागदात उतरतो, पट्टी सुटते आणि डाग राहतो. वॉशी टेप, म्हणजे सहज निघणारा नक्षीचा कागदी टेप, वापरा, तोही सजावटीपुरता.

ओलसर फूल. पाकळी कोरडी दिसते पण देठात पाणी असतं आणि बुरशी तिथूनच धरते. टिपकागदात दाबून दोन-तीन आठवडे, मग वहीत. जाड देठाची फुलं मी घेतच नाही.

वर्तमानपत्राचं कात्रण. त्या कागदातल्या लिग्निनमुळे, म्हणजे लाकडातून आलेल्या घटकामुळे, तो पिवळा, मग तपकिरी होणारच. मला तो रंग आवडतो. तुम्हाला आवडत नसेल तर छायाप्रत.

तेलकट खडू. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण सुकत नाहीत. कधीच. समोरच्या पानाला आयुष्यभर लागत राहतात. मध्ये कागद घाला नाहीतर त्यांना वहीबाहेर ठेवा.

मेणाच्या खडूवर किंवा ओलसर ॲक्रिलिकवर जेल पेनने लिहिणं. पेनाची गोळी बुजते आणि पेन कायमचं जातं. मी वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहून ती चिकटवते.

अल्कोहोलचे मार्कर. पलीकडच्या पानावर उतरतात, त्याच्याही पलीकडच्यावर उतरतात. खाली जाड पुठ्ठा ठेवा आणि पानाची मागची बाजू गेलीच असं समजा.

शाईवर लगेच खोडरबर. पेन्सिलच्या रेघा सकाळी पुसा.

अक्षर वाईट आहे म्हणून सगळं छापील ठशांनी लिहिणं. चालतं, पण मग ते कुणाचंही जर्नल दिसतं.

पानावर तारीख न घालणं. माझ्याकडे पावसाची तीन सुंदर पानं आहेत आणि तो पाऊस कुठल्या वर्षीचा हे मला आता कुणीही सांगू शकत नाही.