चार बोटं, वीतभर, अडीच हात : घरच्यांचा कृष्णधवल फोटो

"यात मी कुठला?" अण्णांनी फोटो हातात घेऊन विचारलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. गौरीजेवणाच्या दिवशी कसब्यातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर काढलेला फोटो. पुढे खुर्चीत सासूबाई, पापण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ. मागे उभे अण्णा, म्हणजे चष्म्याच्या जागी दोन पांढरे ठिपके आणि मिशीच्या जागी राखाडी डाग. मी नवीकोरी ५० एमएमची लेन्स घेतली होती, एफ १.८ ची, आणि ती सताड उघडी ठेवून फोटो काढायची हौस आली होती. लेन्सचा काही दोष नव्हता. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि घरच्या फोटोचं गणित तेवढं करायचं राहिलं.

ते गणित तसं सोपं आहे. लेन्स काटेकोरपणे एकाच अंतरावर फोकस करते. त्या अंतराच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे जे असतं ते डोळ्याला चालण्याइतपत स्पष्ट दिसतं. या पट्ट्याला आम्ही नुसतं 'डेप्थ' म्हणतो. लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक म्हणजे ॲपर्चर, आणि एफ १.८, एफ ८ हे त्याचे आकडे. आकडा लहान, म्हणजे भोक मोठं, की पट्टा अरुंद. आकडा वाढवला की पट्टा रुंद. लोकांच्या जवळ गेलं की अरुंद, लांब गेलं की रुंद.

मला सेंटिमीटर लक्षात राहतात, पण ते ओसरीवर उपयोगी पडत नाहीत. तिथे बोटं, वीत आणि हात कामाला येतात. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. लेन्स ५० एमएमची. पाच फुटांवरून एफ १.८ ला डेप्थ मिळते साधारण साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. एवढ्यात एक चेहरा बसतो, तोही समोर बघत असेल तर. मान वळवली की पलीकडचा डोळा विरघळायला लागतो. दहा फुटांवरून त्याच एफ १.८ ला पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, वीतभर. अंतर दुप्पट केलं की डेप्थ चौपट होते, हे या दोन आकड्यांतच दिसतं. दहा फुटांवरूनच एफ ५.६ ठेवलं तर ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन हात. एफ ८ ला जवळपास अडीच हात. फुल फ्रेम कॅमेरा, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, असेल तर तेवढाच फोटो भरायला जवळ जावं लागतं किंवा जास्त एमएमची लेन्स लावावी लागते. दोन्हींनी पट्टा अरुंद होतो, त्यामुळे त्यांनी आणखी जपून असावं.

अण्णा सासूबाईंच्या मागे दीड हातावर उभे होते आणि माझ्याकडे डेप्थ होती जेमतेम वीतभर, तीही पुढे-मागे वाटून. मग ते दिसणार कसे?

आता कृष्णधवलचा मुद्दा. रंगीत फोटोत माणूस मागच्या पसाऱ्यातून वेगळा काढायचं निम्मं काम रंगच करतो. वन्संची लाल काठांची हिरवी पैठणी रंगात उठून दिसते. तोच फोटो राखाडी केला की काठ आणि अंग एकजीव होतात, कारण त्या लाल-हिरव्याचा उजळपणा जवळपास सारखाच होता. भाऊजींचा विटकरी झब्बा आणि ओसरीचा सागवानी खांब यांचंही तेच: भाऊजींच्या खांद्यातून खांब उगवल्यासारखा दिसतो. म्हणून माणूस वेगळा दाखवायला दोनच गोष्टी हातात राहतात, उजेड-अंधाराचा फरक आणि मागचं धूसर करणं. पहिली आधी जमवायची. सासूबाईंचे पांढरे केस चुन्याच्या भिंतीपुढे ठेवले, तर भिंत कितीही ब्लर केली तरी केस तिच्यात मिसळणारच. त्यांची खुर्ची चार फूट डावीकडे सरकवली आणि मागे माजघराचं काळोखं दार आलं. मग एफ ८ लासुद्धा त्यांचा एकेक केस दिसायला लागला. डोळे बारीक करून बघायची जुनी युक्ती इथे चालते. किलकिल्या डोळ्यांना जे एक होताना दिसतं ते फोटोतही एक होणार. कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड लावून रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढली तर पडद्यावर राखाडी दिसतं आणि फाइलमध्ये रंग शिल्लक राहतात. ते पुढे लागतात.

आणखी एक. माणसांना भिंतीला टेकवून उभं करू नका. आपल्याकडे 'फोटो काढायचा' म्हटलं की सगळे आपोआप भिंतीकडे सरकतात, जणू गोळी घालणार आहेत. भिंतीपासून सहा-सात फूट पुढे आणलं की एफ ५.६ लाही मागचं पुरेसं मऊ होतं. ब्लर हवा म्हणून आकडा खाली आणायची घाई कशाला, मागची जागा वाढवा. मात्र मागे स्टीलच्या भांड्यांची मांडणी नको. धूसर झालेलं प्रत्येक पातेलं चमकदार वर्तुळ होतं आणि राखाडी फोटोत नजर आधी तिकडेच धावते.

आता खरी अडचण, जी कुठल्याच कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत नसते. आपल्या घरात माणसं उंचीप्रमाणे बसत नाहीत, मानाप्रमाणे बसतात. आत्याबाई पुढे. जावई पुढे, खुर्चीत. मुलं त्यांच्याही पुढे, सतरंजीवर. सुना मागे, आणि त्यांच्याही मागे कॉलेजची पोरं, ज्यांना मुळात यायचंच नसतं. झाल्या चार ओळी! पहिल्या नाकापासून शेवटच्या नाकापर्यंत सहज चार हात. एवढी डेप्थ भरायला आकडा एफ ११ च्या पुढे न्यावा लागतो आणि ओसरीवर तेवढा उजेड नसतो. मान कमी करता येत नाही, पण अंतर कमी करता येतं. खुर्च्यांच्या मागे उभ्या असलेल्यांनी खुर्चीच्या पाठीला पोट टेकवायचं आणि कमरेतून जरा पुढे झुकायचं. सतरंजीवरच्या मुलांनी मागे सरकून मोठ्यांच्या गुडघ्यांना पाठ लावायची. पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही, डोळे कुठे आहेत ते बघायचं. बाजूला उभं राहून बघा, म्हणजे सगळ्यांची नाकं एका रेषेच्या किती जवळ आहेत ते कळतं. एवढं केलं की चार हातांचा सव्वा हात होतो. आत्याबाई पुढेच राहतात आणि कोणी रुसत नाही.

अर्धवर्तुळ करू नका. लोकांना वाटतं कॅमेऱ्याभोवती गोल केला की सगळे सारख्याच अंतरावर येतील. पण फोकसचा पट्टा भिंतीसारखा सपाट असतो, गोल नसतो. टोकाची माणसं पुढे येऊन त्याच्या बाहेर पडतात. मी फरशीवर रांगोळीने कॅमेऱ्याला समांतर सरळ रेघ मारते आणि खुर्च्यांचे मागचे पाय तिच्यावर ठेवायला सांगते. गौरीच्या दिवसांत रांगोळी हाताशी असतेच.

फोकस कोणावर धरायचा? एकच माणूस असेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. दोन ओळी असतील तर पुढच्या ओळीतल्या डोळ्यांवर, कारण पट्टा मागच्या बाजूला थोडा जास्त पसरतो. दहा फुटांवरून एफ ८ ला पुढे साधारण एक हात, मागे दीड हात. एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे असा नियम सगळीकडे सांगतात. इतक्या जवळून तो खरा नाही. तीन ओळी असतील तर मधल्या ओळीवर फोकस आणि स्वतः तीन फूट मागे जा. तेरा फुटांवरून त्याच एफ ८ ला पुढच्या बाजूलाच ऐंशी सेंटिमीटर मिळतात, मागे त्याहून बरेच जास्त. चौकटीत फालतू जागा येईल, ती नंतर कापता येते. अण्णांचा धुरकट चेहरा नंतर स्पष्ट करता येत नाही.

उजेडाचं थोडक्यात सांगते. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ चौकातून उतरतं तेव्हा ओसरीवर मऊ उजेड असतो, पण कमी. एफ ८ आणि शटर १/१२५ सेकंद उघडं ठेवण्यासाठी मला आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० वर न्यावा लागतो, कधी ३२०० वर. रंगीत फोटोत यातून हिरवे-जांभळे ठिपके उठतात. कृष्णधवल केल्यावर त्यांचा रंग जातो आणि राहतो तो दाणा, जुन्या फिल्मसारखा. त्याची भीती सोडा. एफ १६, एफ २२ मात्र टाळा: भोक फारच बारीक झालं की प्रकाश कडेला वळून सगळंच किंचित मऊ पडतं.

आता एफ १.८ चं काय करायचं? फेकून द्यायचं नाही. घोळक्याचा फोटो झाला की सगळे पानं वाढायला उठतात. तेव्हा सासूबाई एकट्याच झोपाळ्यावर बसून वाती वळतात. तिथे मी सहा फुटांवर बसते, एफ २ किंवा २.८ ठेवते आणि झोपाळा थांबायची वाट बघते. नुसत्या हातांवर फोकस, चेहरा अर्धवट मऊ. तो फोटो मला घोळक्याच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो. पण दिवाणखान्यात लागतो घोळक्याचाच, तिथे माझं मत कोणी विचारत नाही.

दोन वर्षांपासून मी एक गोष्ट बदलली आहे. वाडा आता विकासकाकडे जाणार, कागद झाले आहेत. म्हणून मागची ओसरी, कोनाडा आणि दिंडी दरवाजाची कडी ओळखू आली पाहिजे. मागचं पूर्ण पुसायचं नाही, अर्धवट मऊ ठेवायचं. त्यासाठी माणसांना मागच्या वस्तूंपासून तीन-चार फुटांवरच ठेवते आणि आकडा एफ ८.

कुंकवाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे १९३० च्या दशकातला एक स्टुडिओतला फोटो आहे, त्यात पणजेसासूबाईंचं कुंकू काजळासारखं काळं आहे. त्या काळी सर्रास असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल ते काळं उमटे. आज उलट चूक होते. चेहरा उजळावा म्हणून संगणकावर लाल रंगाची पट्टी वर सरकवली की सासूबाईंचं कुंकूच पुसलं जातं! म्हणून लाल खाली आणि नारिंगी जरा वर. त्वचेचा रंग मुख्यतः नारिंगीत असतो, त्यामुळे चेहरा उजळतो आणि कुंकू ठसठशीत राहतं. रॉ फाइल यासाठी लागते.

फोनवाल्यांनी घोळक्यात पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा. तो डेप्थ अंदाजाने रंगवतो. चष्म्याची काडी, काठीची मूठ आणि मागच्या ओळीतली सून बेलाशक पुसून टाकतो.

मोठा फोटो करणार असाल तर वरचे डेप्थचे सगळे आकडे थोडे कमी धरा. ते साधारण आठ बाय दहा इंची छपाईला धरून आहेत. भिंतीवर वीस बाय तीस इंची लावायचा असेल तर एफ ८ च्या जागी एफ ११ घ्या, कारण मोठ्या छपाईत बारीक धूसरपणाही दिसतो.

शेवटी स्वतःची जागा. तिपाईवर कॅमेरा, फोकस एकदा धरून मॅन्युअलवर टाकायचा म्हणजे टायमर सुरू केल्यावर तो भलतीकडे जात नाही. रेघेच्या मागे, जाऊबाईंच्या शेजारी, मी माझ्यासाठी रांगोळीची फुली काढून ठेवते. दहा सेकंदांत तिथे पोहोचते. तीन-चार फोटो काढते, कारण कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून आधी अण्णांचा चष्मा बघते, आणि तो स्वच्छ दिसल्याशिवाय कोणालाही पानावर बसू देत नाही.