एचएसजीला जाताय? आधी गोळीचं विचारा

गर्भनलिका उघड्या आहेत का बघायला एचएसजी (गर्भाशयात डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून काढतात तो एक्स-रे) सांगितली की पहिलं काम तारखेचं. ब्लीडिंग थांबल्यावर, पाळीच्या साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात, म्हणून पाळी आली त्याच दिवशी सेंटरला फोन लावा, मधे रविवार-सुट्टी आली की महिना गेलाच. टेस्ट होईपर्यंत संबंध नकोत. आणि नवऱ्याची स्पर्म टेस्ट झाली नसेल तर ती आधी, त्यात काही दुखत नाही, बाईनेच पहिल्यांदा कळा का सोसायच्या?

आता गोळी. गेल्या वेळी माझी हीच राहिली. गायनॅकला वाटतं सेंटरवाले सांगतील, सेंटरवाल्यांना वाटतं डॉक्टरांनी सांगितलंच असेल, आणि आपण न घेताच टेबलावर! तेव्हा चिठ्ठी हातात पडतानाच विचारा, दुखण्याची गोळी कुठली, किती वाजता, काही खाऊन का. बहुतेक तासभर आधी घ्यायला सांगतात, ती लागू पडायला वेळ लागतो, आत बोलावल्यावर घेऊन काही उपयोग होत नाही. निघताना सेंटरला फोन करून नंबर वेळेवर आहे ना तेही विचारा. घरात मेफ्टाल पडलीये म्हणून मनाने घेऊ नका, अल्सर, दमा, किडनीचं काही असेल तर आधी सांगा. आयोडीनची अ‍ॅलर्जी, थायरॉइड हेही सांगा. अँटिबायोटिक लागणार का, तेही विचारा. पण गोळी विचारल्याशिवाय केबिनमधून उठू नका.

"थोडंसंच दुखेल" एवढ्यावर गप्प बसू नका. कुणाला पाळीसारखं दुखतं, कुणाला सहन होत नाही. आतली तपासणी नेहमीच दुखत असेल तर भूल देऊन होईल का विचारा, मग उपाशी जावं लागतं. डाय सोडतात तेव्हा सगळ्यात जोरात कळ येते, ती थोडाच वेळ असते, तरी टेबलावर चढायच्या आधीच सांगून ठेवा: हळू सोडा, मी थांबा म्हटलं की थांबा.

फाइल, पॅड, सैल कपडे, सोबत कुणीतरी. गोळी घेतली ना?

झाल्यावर लगेच उठू नका, चक्कर येते. एक-दोन दिवस डाग लागतात, पॅडच वापरा. ताप १००.४ च्या वर, घाण वास, दुखणं वाढतंय, जास्त ब्लीडिंग, लगेच डॉक्टरांना फोन.