व्यवसायजन्य आजारांकडे वळणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी: ‘सुट्टीत बरं वाटतं का?’ एवढ्यावर थांबू नका

केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना असतो आणि त्यात ‘नोकरी’, ‘मजुरी’ किंवा ‘निवृत्त’ लिहून पुढे सरकायची आपल्याला सवय असते. या शाखेत यायचं तर ती सवय आधी मोडा. पेशंटला त्याचा धंदा विचारा, हे इटलीच्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० सालीच सांगून ठेवलंय. मी तर म्हणेन, धंदा कळूनही भागत नाही. ‘ऑपरेटर’ या शब्दातून काय कळतं? दगड कोरडा कापतो की पाणी सोडून, शेजारच्या टेबलावर काय चालतं, साफसफाई झाडूने होते की हवेच्या झोताने, कामाचे कपडे घरी धुवायला नेतो का, हे विचारा. आणि पहिल्या नोकरीपर्यंत मागे जा. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो आणि कारखान्यातलं ते खातं त्याच्या आठवणीतूनही गेलेलं असतं.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं त्याबद्दल. व्यवसायजन्य दम्यासाठी सगळेच एक सोपं सूत्र देतात: कामावर त्रास, सुट्टीत आराम, म्हणजे आजार कामाचा. सूत्र खोटं नाही. घात होतो तो ते उलटं वाचल्यावर: सुट्टीतही त्रास आहे, म्हणजे आजार कामाचा नाही. असं मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते डोक्यात पक्कं बसलं होतं.

स्प्रे पेंटिंग करणारा घ्या. रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, दमा जडवणारी रसायनं. त्यांची प्रतिक्रिया कधी लगेच येते, कधी पाळी संपल्यावर काही तासांनी. मग पेशंट अगदी प्रामाणिकपणे सांगतो, “कामावर काही होत नाही डॉक्टर, रात्री खोकल्याने जाग येते.” तुम्ही घरातली धूळ आणि गाद्या-उशा विचारत बसता. दुसरं, आजार जुना झाला की श्वासनलिका एका साप्ताहिक सुट्टीत सावरत नाहीत. कधी आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. तेव्हा ‘रविवारी कसं वाटतं’ याचं उत्तर ‘तसंच’ असंच येणार. तिसरा प्रकार तर पूर्ण उलटा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये छाती आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, आणि आठवडा पुढे सरकेल तसं सुरुवातीला बरं वाटतं. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यावर संध्याकाळी येणारा ताप, तोही असाच सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त. सुपरवायझरला तो आळस वाटतो. निदान डॉक्टरला तरी तसा वाटू नये.

म्हणून विचारा: लांब रजेवर होतात तेव्हा काय झालं? परत रुजू झाल्यावर किती दिवसांत त्रास सुरू झाला? आणि हातात पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायचं छोटं यंत्र, द्या. दिवसातून किमान चार वेळा, दर वेळी तीन फुंकर, त्यातला मोठा आकडा. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही, निदान दोन ते चार आठवडे. झेपत असेल तर मधेच औषधाचा डोस बदलू नका, नाहीतर आलेखात कामाचा परिणाम कुठला आणि औषधाचा कुठला हे कळत नाही.

हे सगळं तो कामावर असतानाच करायचं. दया येऊन पहिल्याच भेटीत “काम सोडा” म्हणालात, तर त्याची नोकरी जाते, फुप्फुसं सुधारतात, तपासण्या नॉर्मल येतात आणि भरपाई मागायला हातात काहीच उरत नाही. झटका गंभीर असेल तर अर्थातच लगेच बाहेर काढा. तिथे पुराव्याचा विचार करायचा नाही. पण महिनोन्‌महिने रेंगाळूही नका, कारण लक्षणं सुरू झाल्यावर संपर्क जितका लांबतो तितकी पूर्ण बरं होण्याची शक्यता घटते.

छापील प्रश्नावलीवर माझा विश्वास नाही. ती भरून घेतली की आपण विचारायचे थांबतो. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनासोबत येणारं धोक्यांचं माहितीपत्रक, जरूर वाचा, पण डब्यातला पदार्थ तापल्यावर किंवा घासल्यावर हवेत नेमकं काय जातं, ते तिच्यावरून नीट कळेलच असं नाही. गुरू निवडताना पदव्या मोजू नका. जो स्वतः खात्यात जाऊन उभा राहतो, त्याच्यामागे जा. एक्स-रेवर वरच्या भागात गाठी दिसल्या की क्षय म्हणून मोकळं होणाऱ्यापासून लांब राहा. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या सिलिकायुक्त धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, तसाच दिसू शकतो, शिवाय सिलिकामुळे क्षयाचा धोका वाढतो, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतात.

रसायनांची नावं येत नाहीत म्हणून घाबरू नका, खरंच. ती सगळी कुणालाच येत नाहीत. पेशंटपुढे कोरा कागद ठेवा आणि जागेचा नकाशा काढायला सांगा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, फक्त ते कुणी विचारलेलं नसतं.

कंपनीचा पगार घेणार असाल तर एक गोष्ट पहिल्या दिवशी स्पष्ट करा. व्यवस्थापनाला फिट आहे की नाही आणि कोणतं काम देऊ नये, एवढंच कळेल. निदान पेशंटच्या संमतीशिवाय नाही. दबाव येईल, आणि तो गोड बोलून येईल.

आणि एकाचं निदान पक्कं झालं की फाइल बंद करू नका. त्याच हवेत काम करणाऱ्या बाकीच्यांची तपासणी मागा, लेखी मागा, त्यात नोकरी सोडून गेलेल्यांचीही नावं घाला. जास्त आजारी असलेले बहुतेकदा आधीच निघून गेलेले असतात.